दिवाणखान्यातली प्रतिनियुक्ती

नंदुरबार जिल्ह्यात गप्पी माशाच्या दोन जाती आढळतात. प्राणिशास्त्राला ही विभागणी मान्य नाही, कारण त्याच्या दप्तरी दोघांचे नाव एकच आहे: पोइसिलिया रेटिक्युलाटा. पण प्राणिशास्त्राला आपल्याकडची सेवापुस्तके वाचता येत नाहीत. पहिली जात सरकारी. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात, शेवाळ धरलेल्या सिमेंटच्या टाकीत राहते. टाकीवर ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ अशी अक्षरे रंगवलेली असतात आणि त्यातली निम्मी ऊन-पावसाने धुऊन नेलेली असतात. तिला कोणी आवर्जून खायला घालत नाही, तिच्यासाठी दिवा लागत नाही, तिचा फोटो कोणी काढत नाही. आणि बादलीतून नेऊन गावातल्या एखाद्या हौदात सोडली की ती त्याच मिनिटाला कामावर रुजू होते. दुसरी जात खासगी. ती दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, निळ्या दिव्याखाली, पंपाच्या बुडबुड्यांत राहते. तिला दोन वेळा पाकिटातले खाद्य मिळते, पाहुणे आले की तिचे कौतुक होते, आणि काम म्हणाल तर शून्य. माझे म्हणणे असे की ही दुसरी जात म्हणजे पहिलीच आहे, फक्त प्रतिनियुक्तीवर गेलेली. नाव हजेरीपटावर एकीकडे आणि माणूस साहेबांच्या बंगल्यावर, हा प्रकार ज्याने तालुक्याच्या कचेरीत एक चक्कर मारली आहे त्याला समजावून सांगायला नको. गप्पी जरूर पाळावा. पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यात पाळायचा तर त्याला मूळ कामावर परत पाठवून पाळावा, एवढेच मला सिद्ध करायचे आहे.

गप्पीचे आणि सरकारी नोकरीचे नाते तसे जुने आहे. ज्यांचे नाव त्याला मिळाले ते रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी हे वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरचे निसर्ग-अभ्यासक, आणि नोकरीने तिथल्या शाळांचे मुख्य निरीक्षक. त्यांनी बेटावरचे हे इवलेसे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, आणि तिथल्या आल्बर्ट गुंथर यांनी 1866 मध्ये प्रेषकाचा मान राखून माशाला त्यांचे नाव देऊन टाकले. पुढे उघडकीस आले की याच माशाची नोंद बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्स यांनी व्हेनेझुएलाच्या नमुन्यांवरून 1859 मध्येच केलेली आहे, आणि 1861 मध्ये इटलीच्या फिलिप्पी यांनीही त्याला आणखी एका नावाने दाखल करून घेतले आहे. एकाच कर्मचाऱ्याची तीन कार्यालयांत तीन नावांनी आवक झाली आणि कोणत्याही कार्यालयाने दुसऱ्याला विचारले नाही! शेवटी नियमाप्रमाणे सर्वांत जुनी नोंद ग्राह्य धरली गेली, आणि लोकांनी नियमाकडे दुर्लक्ष करून शाळा-निरीक्षकांचेच नाव चालू ठेवले. दरम्यान 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, आणि हा ताप दलदलीच्या हवेने येत नसून डासाच्या सोंडेतून येतो हे पुढे पक्के झाले. मग पाण्यातल्या पाण्यातच डासांचा निकाल लावणाऱ्या माशांची उष्ण देशांत भरती सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गप्पी भारतात आला तो या भरतीतून. त्याचा नेमणूक-आदेश कोणी काढून पाहिला तर त्यात ‘शोभा’ हा शब्द सापडणार नाही.

या पदासाठी लागणारी पात्रता त्याच्याकडे जन्मजात आहे. त्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरचे टिपायला सोयीचे. आणि डासाच्या अळ्यांना श्वास घ्यायला पृष्ठभागाशीच यावे लागते. ग्राहक आणि दुकान यांची इतकी सुरेख गाठ निसर्गातही क्वचित पडते. आरोग्य खात्याची माहितीपत्रके सांगतात की एक गप्पी दिवसाकाठी 80 ते 100 अळ्या फस्त करतो. त्याला खोल पाणी लागत नाही, वाहते पाणी लागत नाही, बऱ्यापैकी घाण पाणीही चालते. 24 ते 34 अंश सेल्सिअसचे पाणी त्याला मानवते. बोअरचे जड पाणी, ज्याने आपल्या पातेल्यांना पांढरा थर चढतो आणि डाळ शिजता शिजत नाही, ते त्याला उलट आवडते. मादी 4 ते 6 सेंटिमीटर, नर त्याहून लहान, त्यामुळे जागेची मागणी नाही. अंडी घालून ती सांभाळत बसण्याची भानगड नाही. मादी थेट पोहती पिले देते आणि ती पिले जन्मल्या दिवसापासून स्वतःचे पोट स्वतः भरतात. निवासस्थान नको, प्रवासभत्ता नको, महागाईभत्त्याची थकबाकी नको. इतका बिनबोभाट उमेदवार महाराष्ट्रात कोणत्याही खात्याला मिळालेला नाही, आणि म्हणूनच बहुधा त्याला कामावरून हलवून शोभेला बसवण्याची बुद्धी झाली असावी.

आता ज्या जागेवर त्याची गरज आहे ती जागा पाहू. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला उत्तरेला नर्मदा आणि मधोमध तापी अशा दोन मोठ्या नद्या मिळाल्या, तरी घरातल्या नळाला त्यातली कोणती कधी येईल याची खात्री नाही. अशा ठिकाणी माणूस पाणी साठवतो. अंगणात सिमेंटचा हौद, न्हाणीत टिपाड, गोठ्याजवळ गुरांचा हाळ, बांधकामावर विटा भिजवायची टाकी, गच्चीवर झाकण हरवलेले पिंप, आणि मार्च ते जून प्रत्येक खिडकीला कूलर. पारा 44-45 अंशांवर गेला की नंदुरबार, शहादा, तळोद्यात कूलरशिवाय माणूस टिकत नाही. डेंग्यूचा डास असे साठवलेले, स्वच्छ, बिनहालचालीचे पाणी शोधतच फिरत असतो, आणि अंड्यापासून पंखापर्यंतचा त्याचा प्रवास सात-दहा दिवसांत उरकतो. पाऊस पडला की वर सातपुड्यात, धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हिवतापाचा हंगाम सुरू होतो. तिथे ताप आलेल्या माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायचे म्हणजे डोंगर उतरणे आले. उपचार जिथे इतका लांब, तिथे रोग पाण्यातच गाठणारा कर्मचारी किती मोलाचा, हे सांगायला सांख्यिकी लागत नाही. आणि तरी जिल्ह्यातले देखणे, सुदृढ, खाऊन-पिऊन सुखी गप्पी आहेत कुठे? तर कॉलनीतल्या बंगल्यांत, काचेच्या आत, जिथे डासाची मादी अंडी घालायला चुकूनही फिरकत नाही.

काचेच्या आतला थाट मात्र पाहण्याजोगा असतो. टाकीच्या मागे एक चित्र चिकटवलेले असते. त्यात खोल समुद्र, प्रवाळ, आणि कोपऱ्यात एक डॉल्फिन. गप्पी हा गोड्या पाण्याचा, गुडघाभर ओढ्यातला मासा. त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी प्रवाळ पाहिलेला नाही, आणि नंदुरबारकरांनीही समुद्र पाहायचा तर गुजरातेत उतरावे लागते. तेव्हा हा देखावा नेमका कोणाच्या आठवणीखातर लावला आहे हे कळायला मार्ग नाही. तळाशी निळे-गुलाबी खडे, एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या, एक उघडझाप करणारी खजिन्याची पेटी. पाणबुड्या वर्षानुवर्षे त्या पेटीकडे पाहत उभा असतो आणि पेटीतून बुडबुड्यांखेरीज काही निघत नाही, हे विकास-योजनांचे चित्र मुलांसमोर इतक्या लहान वयात ठेवू नये असे मला वाटते. शिवाय हीटर! डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या रात्री सोडल्या तर या जिल्ह्यात पाणी गरम करण्याचे यंत्र विकत घेणे हा सूर्याचा उघड अपमान आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलेला माणूस आधी त्याचे दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, भोवरे मोजतो, आणि मगच भावाला हात घालतो. तोच माणूस माशांच्या दुकानात गेला की मासा सोडून बाकी सगळे विकत घेऊन येतो, आणि शेवटी पिशवीत फुकटात पडलेले चार गप्पी त्या सामानाची जबाबदारी म्हणून घरी येतात.

पुढचा अत्याचार खाण्याचा. गप्पीची रीत अशी की काचेजवळ कोणी आले की तो तोंड उघडत पुढे येतो. भूक असो वा नसो, येतोच. खानदेशातल्या घरात तोंड उघडलेला जीव समोर दिसला आणि त्यात काही घातले नाही, असे आजवर घडलेले नाही. सकाळी आजोबा चिमूटभर टाकतात, कारण बिचारे रात्रभर उपाशी आहेत. शाळेतून आल्यावर नातू टाकतो, कारण आजोबांनी टाकलेले त्याने पाहिलेले नसते. संध्याकाळी पाहुणे टाकतात, कारण पाहुण्यांना दुसरे काय करायला द्यायचे? खरे पाहता दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य एका वेळी पुरे असते. उरलेले तळाशी कुजते, त्यातून आणि माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. नव्या टाकीत त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू अजून वस्तीला आलेले नसतात. म्हणजे मासा आपल्याच पाहुणचाराच्या वाफेत गुदमरतो. मग घाबरून सगळे पाणी एकदम बदलले जाते, फिल्टरचा स्पंज नळाखाली लख्ख धुतला जातो, त्यात जेमतेम वस्तीला आलेले जिवाणूही वाहून जातात, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन उरलेसुरले काम पुरे करते. या सगळ्या प्रकरणात द्वेषाचा लवलेश नसतो. आरोग्य केंद्राच्या टाकीतला गप्पी दुर्लक्षावर वाढतो आणि दिवाणखान्यातला मायेने मरतो, हा फरक ध्यानात घेतला तर माझा मुद्दा निम्मा सिद्ध झाला.

उरलेला निम्मा एका शास्त्रज्ञाने त्रिनिदादमध्येच सिद्ध करून ठेवला आहे. जॉन एंडलर यांना दिसले की धबधब्याच्या खाली, जिथे गप्पींना खाणारे मोठे मासे असतात, तिथले नर फिक्या रंगाचे आणि कमी ठिपक्यांचे असतात. आणि धबधब्याच्या वर, जिथे मोठे भक्षक चढू शकत नाहीत, तिथले नर भडक आणि ठिपक्या-ठिपक्यांचे. खाली नटणारा लवकर दिसतो आणि लवकर गिळला जातो. वर धोका कमी आणि माद्यांना नटवे पसंत, त्यामुळे रंगांना रान मोकळे. एंडलर यांनी खालच्या प्रवाहातले गप्पी मोठे भक्षक नसलेल्या पाण्यात नेऊन सोडले, आणि साधारण दोन वर्षांत तिथल्या नरांच्या अंगावर रंग चढले. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास उत्क्रांती डोळ्यांदेखत घडते याचा नमुना म्हणून जगभर शिकवला जातो. आपण त्यातून प्रशासकीय धडा घ्यायला हरकत नाही: वरचा धाक गेला की कर्मचारी नटू लागतो. दुकानातला गप्पी हा धबधब्याच्या कितीतरी वरचा. त्याला भक्षक तर नाहीच, उलट माणसाने निवडून-निवडून त्याची शेपटी पंख्याएवढी केली आहे. कोब्रा, मोझॅक, टक्सिडो, फुल रेड अशी त्याची बिरुदे असतात. मिरचीच्या लाल पथाऱ्या पाहत मोठ्या झालेल्या माणसांनी चिमूटभर लालीसाठी जादा पैसे मोजावेत हे नवल आहेच; पण त्याहून वाईट म्हणजे त्या शेपटीचा पसारा ओढताना माशाचे पोहणे मंदावते. एकदा असा नटला की कर्मचारी फिरतीच्या कामाला नको वाटतो, आणि मग त्याला कायमचे मुख्यालयात ठेवावे लागते.

मुख्यालयात ठेवलेल्या कर्मचाऱ्याला रिकामा वेळ असतो, आणि गप्पी तो कसा घालवतो हे दोन महिन्यांत कळते. मादी साधारण चार आठवड्यांनी विते आणि एका वेळी 20 ते 50 पिले देते. नर दूर केला तरी उपयोग नाही, कारण नराचे बीज ती काही महिने पोटात राखून ठेवू शकते. एकच मादी आणली आणि ‘एकटीच आहे’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरात एके सकाळी बारसे निघते. गर्दी आणि भूक वाढली की आई-बाप स्वतःच्याच पिलांना खातात, हे पाहून घरात हळहळ होते, मग पिलांसाठी दुसरी टाकी येते, मग दुसऱ्या टाकीसाठी दुसरा पंप. या टप्प्यावर घरमालकाच्या स्वभावात फरक पडतो. तो भेटेल त्याला विचारू लागतो, ‘भाऊ, मासे पाहिजेत का? चार-सहा देतो बरणीत घालून.’ पहिल्या महिन्यात शेजारी हौसेने नेतात. दुसऱ्या महिन्यात त्यांच्याकडेही पिले होतात आणि तेही बरणी घेऊन निघतात. तिसऱ्या महिन्यात सबंध गल्लीत बरणी हातात घेतलेला माणूस दिसला की दारे लागतात. गप्पी पाळणाऱ्यांचा खरा प्रश्न मासे जगवायचे कसे हा नसून जगलेल्यांचे करायचे काय हा आहे. आणि हा प्रश्न ज्या घरात पडतो, त्याच घराच्या मागच्या हौदात अळ्या वळवळत असतात. जागा रिक्त आहे, उमेदवार जादा आहेत, दोघे एकाच आवारात आहेत, आणि तरी भरती होत नाही. हे फक्त आपल्याकडेच जमते.

यावर पहिला आक्षेप सौंदर्यवादी मंडळींचा. त्यांचे म्हणणे, सगळ्याच गोष्टींचा उपयोग कशाला पाहायचा? दिवसभराच्या दगदगीनंतर माणसाने दहा मिनिटे माशांकडे पाहावे, मन शांत होते. मान्य. मासे पाहून मन शांत होते, म्हणून तर दवाखान्यांच्या प्रतीक्षालयात अशी टाकी ठेवलेली असते. पण पावसाळ्यातले ते दृश्य जरा नीट पाहावे. बाकांवर रक्त तपासायला आलेले तापाचे रोगी अंगावर शाली ओढून बसलेले आहेत, आणि त्यांच्या डोक्याशी काचेत वीस गप्पी रंगीत शेपट्या हलवत हिंडत आहेत. यातला एकेक जण दिवसाला अळ्यांची पंगत उठवू शकला असता. तो इथे त्या अळ्यांच्या कर्तृत्वामुळे आजारी पडलेल्यांना मनःशांती देण्याच्या कामावर आहे. शांती हवीच असेल तर ती रात्री कानाशी गुणगुण न होता झोप लागण्यातही असते. आणि सौंदर्यच म्हणाल तर पंखवाल्या शेपटीचा गप्पी डुलत-डुलत खाद्याची भुकटी टिपतो त्यापेक्षा साधा, राखी रंगाचा गप्पी वळवळत्या अळीवर झडप घालतो, ते दृश्य कितीतरी थरारक आहे. नाटकात पात्राला काम असले की प्रयोग रंगतो. नुसत्या वेशभूषेवर तीन अंक निघत नाहीत.

दुसरा आक्षेप सोवळ्याचा आणि अहिंसेचा, आणि तो आपल्या भागात हलक्यात घेऊन चालत नाही. घरच्या पाण्यात मासे सोडायचे? त्यांची घाण त्यातच? आणि जाणूनबुजून अळ्या खाऊ घालायच्या, म्हणजे जीवहत्या नव्हे का? घाणीचे उत्तर सोपे आहे. पिण्याच्या पाण्यात मासे सोडा असे मी म्हणत नाही. माठ, पिण्याची टाकी, हंडे-कळशा झाकून ठेवाव्यात. सांडायच्या-धुण्याच्या पाण्याचा उघडा हौद, गुरांचा हाळ, बागेतले कारंजे, वापरात नसलेली विहीर, इथे त्याची जागा. शिवाय ज्या हौदात अळ्या आहेत तो हौद माशामुळे विटाळतो हे म्हणणे अळ्यांना घरची माणसे मानल्याशिवाय करता येत नाही. अहिंसेचे उत्तर त्याहून सोपे. असा आक्षेप ज्या घरातून येतो त्या घराच्या भिंतीवर डास मारायची विजेची रॅकेट चार्जिंगला लावलेली असते. संध्याकाळी तिचा चट-चट आवाज सुरू झाला की घरातला सर्वांत सात्त्विक माणूससुद्धा नेमका मोजत असतो. कोपऱ्यात अगरबत्ती जळते ती देवापुढची नव्हे, डासांसाठीची. मग उडत्या डासाला विजेचा झटका देणे पुण्याचे आणि पोहत्या अळीला माशाच्या तोंडी लागू देणे पापाचे, हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसवायचा? मासा निदान भूक लागली म्हणून खातो. रॅकेट फिरवणाऱ्याला तेवढेही कारण नसते.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्यापुढे मी मान तुकवतो. गप्पी परका मासा आहे. उघड्या ओढ्यात, नदीत, तळ्यात तो सुटला की इथल्या लहान माशांच्या अन्नावर आणि त्यांच्या अंडी-पिलांवर ताव मारू शकतो. डासांसाठीच 1928 मध्ये भारतात आणलेला त्याचा चुलत भाऊ गॅम्बुशिया आज जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय यादीत जाऊन बसला आहे. कर्तबगारीने घराणे असे कुठेही पोचू शकते. शिवाय आपल्या पाण्यातही अळ्या खाणारे मासे आहेतच. डोक्यावर पांढरा ठिपका मिरवणारा पॅनचॅक्स वरच्या थरातच शिकार करतो आणि त्याला त्रिनिदादहून बोलवावे लागलेले नाही. तेव्हा नियम कडक हवा: गप्पी बंदिस्त पाण्यात. ज्या पाण्याला बाहेर जायला वाट आहे, तिथे नाही. पण हा नियम मोडतो कोण, तेही पाहा. आरोग्यसेवक बादली घेऊन हौद शोधतो. ज्यांच्या काचेच्या टाकीत गर्दी झाली आहे अशी दयाळू मंडळीच मात्र रविवारी तोरणमाळला जाताना सोबत बरणी नेतात आणि यशवंत तलावाच्या काठी ‘जा बाळांनो, आता मोकळे’ म्हणून ती उपडी करण्याचा मोह त्यांना होतो. ज्याला विसर्जनाची सवय आहे त्याला पाण्यात काहीही सोडले की पुण्य लागल्यासारखे वाटते. सातपुड्याच्या झऱ्यांना धोका हौदातल्या कामकरी गप्पीपासून कमी आणि दिवाणखान्यातल्या निवृत्त गप्पीपासून जास्त आहे. आक्षेप खरा, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो.

चौथा आक्षेप हिशेबनिसांचा: एवढे करून डेंग्यू-हिवताप कमी होतो याला पुरावा काय? 2016 मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या शास्त्रीय नियतकालिकात काही संशोधकांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. गप्पीच्या उपयोगाचे दावे मोठे आणि त्यामागचे काटेकोर प्रयोग थोडे, असा त्यांचा रोख होता. तो योग्यच आहे. प्रयोगशाळेच्या काचेत उपाशी माशाने खाल्लेल्या अळ्या आणि गावातल्या तापाच्या रुग्णांची संख्या यांच्यात बरेच अंतर असते, आणि माहितीपत्रकातली 80 ते 100 ही संख्या ते अंतर एका उडीत पार करते. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? मासा पुरा पडत नाही एवढाच. कूलरमध्ये मासा ठेवता येत नाही. तिथे आठवड्यातून एकदा पाणी काढून, टाकी घासून, कोरडी करावी लागते. फुटके टायर, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा नारळाचा करवंटा यांत मासा मावत नाही. तिथे माणसालाच वाकावे लागते. आरोग्य खाते ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणून सांगते ते यासाठीच, आणि त्या शब्दांचा काही गृहस्थांनी लावलेला अर्थ खात्याला अभिप्रेत नाही. एका कर्मचाऱ्याने सबंध खाते चालवावे अशी अपेक्षा करून तो नापास झाला म्हणायचे, आणि मग त्याला बक्षीस म्हणून एअर पंपाखाली बसवायचे, यात कुठला हिशेब आला?

तेव्हा कामाची वाटणी करून टाकू. लहान भांडी माणसाने दर आठवड्याला उपडी करायची. झाकता येईल ते पाणी झाकायचे, आणि झाकण हरवले असेल तर जुन्या धोतराचे फडके बांधायचे. जे पाणी उपडे करता येत नाही आणि झाकताही येत नाही, ते गप्पीचे. त्यासाठी काचेची टाकी फोडायची गरज नाही. ती असू द्यावी, पण पैदास केंद्र म्हणून. समुद्राचे चित्र काढून टाकावे, पाणबुड्याला सेवानिवृत्त करावे, थोडी पाणवनस्पती घालावी म्हणजे पिलांना आई-बापांपासून लपायला जागा होते, आणि खाद्याचे पाकीट आजोबा व नातू दोघांच्याही हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावे. त्याऐवजी नातवाला टिपाडातल्या अळ्या गाळून आणायला शिकवावे. एका फेरीत माशांचे जेवण होते, टिपाड साफ होते, आणि पोराला डासाचे जीवनचक्र पुस्तक न उघडता पाठ होते. महिन्याकाठी जी पिले वाढतील ती शेजाऱ्याच्या दारावर बरणी आपटून वाटण्यापेक्षा गावच्या आशाताईंना विचारावे. कोणाच्या हौदात अळ्या सापडल्या हे त्यांना घरोघर फिरून ठाऊक असते, आणि मासे नको म्हणून त्या दार लावणार नाहीत. त्रिनिदादपासून नंदुरबारपर्यंतचे हजारो मैल या माशाला इतरांनी आणून दिले आहेत. दिवाणखान्यापासून मागच्या हौदापर्यंतची पंधरा-वीस पावले तेवढी आपल्यावर सोपवलेली आहेत. या बदलीला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही, चिरीमिरीही लागत नाही. चहाची जुनी गाळणी पुरते.